दालनांतून चालताना

मुंबईच्या काळा घोडा परिसरात, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट माथ्यावर घेऊन एक भव्य वास्तू उभी आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे तिचे आजचे नाव. जुने मुंबईकर मात्र तिला नुसतेच ‘म्युझियम’ म्हणतात. १९०५ साली तिची पायाभरणी झाली, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार १९१४ मध्ये ती बांधून पूर्ण झाली, परंतु संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. मधल्या काळात पहिल्या महायुद्धामुळे येथे लष्करी रुग्णालय चालवले गेले. वैद्यकीय व्यवसायातील माणसाला हा तपशील विशेष जवळचा वाटतो. सिंधमधील मीरपूरखास येथील भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, नाजूक लघुचित्रे, टाटा बंधूंनी जमवलेल्या कलावस्तू अशी येथील संपदा आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी निसर्गविज्ञानाचे दालन चुकवू नये. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी तरुणपणी याच विभागात मार्गदर्शक म्हणून काम केले होते.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय याहूनही जुने, मुंबईतील सर्वांत जुने. १८७२ मध्ये ते सध्याच्या इमारतीत सुरू झाले आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. दिवसा रुग्णसेवा करणारा हा डॉक्टर शिलालेख वाचत असे, नाणी जमवत असे आणि जुन्या वैद्यकग्रंथांच्या आधारे कुष्ठरोगावरील उपाय शोधत असे. संग्रहालयाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. बाहेरच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो मोडला. पुढे त्याचे तुकडे सांधून त्याला पुन्हा उभे करण्यात आले.

माझ्याकडे येणारे सत्तरीपलीकडचे एक गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडेनासे झाले होते. रक्तदाब आटोक्यात होता, साखरही ठीक होती. पण झोप उडाली होती आणि अन्नावरची वासना गेली होती. औषधोपचार सुरू होतेच. त्यांच्या सूनबाईंना मी सुचवले, की एखाद्या रविवारी नातवासोबत त्यांना भायखळ्याच्या संग्रहालयात न्यावे. तेथे जुन्या मुंबईतील माणसांच्या, त्यांच्या पेहरावांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. नातू विचारत गेला आणि आजोबा सांगत गेले: ही पगडी कशी बांधत, हे अवजार कशाचे, असा फेरीवाला आपल्या लहानपणी दारावर कसा येई. घरात अनेक महिने ‘तुम्ही विश्रांती घ्या’ एवढेच ऐकणाऱ्या या माणसाला कोणीतरी काही विचारत होते. एका फेरीने शोक सरला नाही, सरणारही नव्हता. मात्र पुढच्या भेटीत झोपेच्या तक्रारीआधी त्यांनी मला त्या हत्तीची हकीकत सांगितली आणि पुढच्या रविवारी कोठे जावे हेही विचारले.

असे का घडावे? संग्रहालयात पाऊल संथ पडते, नजर एका वस्तूवर स्थिरावते आणि बोलायला विषय मिळतो. हालचाल, एकाग्रता आणि सोबत या तिन्ही गोष्टी उतारवयात एकदमच आटू लागतात. येथे त्या एकत्र मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात तर २०१८ पासून डॉक्टर रुग्णांना तेथील ललितकला संग्रहालयाच्या भेटीची चिठ्ठी लिहून देऊ लागले. अर्थात ही उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

‘आम्हाला चित्रांतले काय कळते?’ ही शंका अनेकांना दालनाबाहेरच थोपवते. त्यांनी जहांगीर कलादालनापासून आरंभ करावा. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या दालनात प्रवेशशुल्क नाही. अनेकदा चित्रकार स्वतः तेथे हजर असतात आणि प्रश्न विचारलेला त्यांना आवडतो. बाहेरच्या पदपथावरही चित्रे मांडलेली दिसतात. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून नांदते आहे. तेथील दालने एकावर एक चढत जातात, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी जिन्यांचा विचार आधीच करावा.

आता थोडे पथ्य. संग्रहालयात येणाऱ्या थकव्याची दखल बोस्टनच्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच घेतली होती. वाकून, मान उंचावून वस्तू न्याहाळताना माणूस कसा शिणतो, हे त्यांनी छायाचित्रांतून दाखवले. एकाच जागी उभे राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू स्वस्थ राहतात, पायांत रक्त साचते आणि कंबर भरून येते. म्हणून अर्ध्या तासाने बसावे. उभे असताना टाचा उचलाव्यात, पावले हलवावीत. मऊ तळव्यांची, पायांत बसणारी पादत्राणे घालावीत. मधुमेहींनी जेवणाची वेळ सांभाळून निघावे आणि खिशात साखर ठेवावी. दालनात खाणेपिणे चालत नसल्याने चक्कर आल्यास तत्काळ बाहेर यावे. चाकांच्या खुर्चीची सोय आणि साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्यावा.

सर्व काही एका दिवसात पाहण्याचा हट्ट नको. दीड तास आणि दोन दालने पुरेत. मुलांना प्रत्येक फलक वाचायला लावू नये. आवडलेली एकच वस्तू घरी येऊन वहीत काढायला सांगावी. आणि घरातून निघताना ‘आजी-आजोबांना झेपणार नाही’ असे परस्पर ठरवण्याआधी त्यांना एकदा विचारावे.