एत्तालच्या घाटातली चार चाके

लेकीचे पहिले बाळंतपण जानेवारीत येणार हे कळले तेव्हा आम्ही डिंकाच्या लाडवांचा, अळिवाचा आणि बाळंतशोपेचा विचार केला. मोटारीच्या टायरांचा विचार मनात येण्याचे काही कारण नव्हते. लेक आणि जावई जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाऊ या गावी राहतात. नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे म्युनिकला उतरलो. मी अडुसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी थोडी अधू. यजमान बहात्तर वर्षांचे, रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवर पण ताठ. एस.टी.च्या कार्यशाळेत एकोणतीस वर्षे काढलेला हा माणूस विमानातून उतरताना विमानाच्या चाकांकडे बघत होता.

ओबरआमरगाऊ हे आल्प्सच्या कुशीतले, सुमारे ८४० मीटर उंचीवरचे गाव. माथ्यावर कोफेल नावाचा सुळका उभा आहे. घरांच्या भिंतींवर रंगीत चित्रे आणि दुकानांतून लाकडात कोरलेल्या मूर्ती दिसतात. १६३३ साली प्लेगच्या साथीत गावकऱ्यांनी नवस बोलला आणि १६३४ पासून ते येशूच्या अखेरच्या दिवसांचे नाटक करीत आले आहेत. आता ते दर दहा वर्षांनी होते. मागचे २०२२ मध्ये झाले, पुढचे २०३० मध्ये होईल. नवसाला इतकी शतके जागणारे गाव पाहून मला फार बरे वाटले. परंतु लेकीने नाव घातले होते ते रुग्णालय घाटाखाली, वीसेक किलोमीटरवरच्या गार्मिश-पार्टेनकिर्शेनमध्ये होते. तिकडे जाणारा रस्ता प्रथम एत्तालला जातो. तिथे १३३० साली स्थापन झालेला मोठा घुमटाचा मठ आहे. मठ मागे पडला की रस्ता वळणे घेत ओबराऊ गावापर्यंत सुमारे दोनशे मीटर खाली उतरतो. आपल्या वरंधा किंवा आंबोलीच्या मानाने हा घाट म्हणजे पोरखेळ, असे यजमान पहिल्या दिवशी म्हणाले. तेव्हा रस्ता कोरडा होता.

चौथ्या दिवशी बर्फ पडले. सकाळी दूध आणायला म्हणून मी पुण्याहून नेलेले बूट घालून बाहेर पडले आणि दाराच्या पायरीवरच घसरले. यजमानांनी दंड धरला म्हणून निभावले. या वयात माकडहाड किंवा खुबा मोडला असता तर बाळंतीण कोणाची सेवा करणार होती? घरात येऊन त्यांनी माझा बूट हातात घेतला आणि तळवा वाकवून पाहिला. पुण्यात मऊ वाटणारा तो तळवा थंडीने लाकडासारखा ताठला होता. ते बूट तसाच हातात घेऊन अंगणात गेले आणि जावयांच्या मोटारीच्या टायरात त्यांनी अंगठ्याचे नख रोवून पाहिले. नख रुतले नाही.

जावयांनी ती मोटार उन्हाळ्यात जुनी म्हणून घेतली होती. तिला रुंद, देखणे, भरपूर खाचा शिल्लक असलेले टायर होते. पण ते उन्हाळी. आपल्याकडे टायरला ऋतू नसतो, म्हणून हा भेद प्रथम समजून घ्यावा लागतो. उन्हाळी टायरचे रबर थंडीत आपला मऊपणा हरवत जाते. हवा सात अंशांच्या खाली राहू लागली की हिवाळी टायर घालावेत, असा तिकडचा ठोकताळा आहे. हिवाळी टायरचे रबर निराळ्या मिश्रणाचे असते, ते कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहते. त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फात शिरून पकड घेतात. मोठ्या खाचांमध्ये बर्फ दाबून बसते आणि बर्फाला बर्फ धरते. दाबलेल्या बर्फावर ब्रेक लावला तर उन्हाळी टायरला थांबायला हिवाळी टायरच्या जवळजवळ दुप्पट अंतर लागते. घाटात ते दुप्पट अंतर आणायचे कोठून?

जर्मनीत हिवाळी टायरची ठरावीक तारीख कायद्यात नाही. रस्त्यावर बर्फ, निसरडा चिखल किंवा गोठलेले पाणी असेल तर योग्य टायरांशिवाय गाडी चालवता येत नाही. चालवल्यास ६० युरो दंड आणि परवान्यावर एक ठपका. लोक मात्र ‘ओ ते ओ’ अशी खूण सांगतात, म्हणजे ऑक्टोबरपासून ‘ओस्टर्न’पर्यंत, अर्थात ईस्टरपर्यंत. मी मनाशी त्याचे भाषांतर ‘कोजागरी ते होळी, आणि वर थोडे’ असे करून टाकले.

जावई मनाने उदार, पण त्या महिन्यांत पैशाची ओढ होती. लेकीची नोकरी रजेवर, नवे घर, पाळण्यापासून सगळी खरेदी. त्यांनी स्वस्ताईच्या वाटा शोधल्या होत्या. एक म्हणजे पुढच्या दोनच चाकांना, जी इंजिनाने फिरतात त्यांना, हिवाळी टायर घालावेत. ऐकताच यजमानांनी मान हलवली. पुढची चाके रस्ता धरतील आणि मागची धरणार नाहीत, तर उतारावर ब्रेक लावताच गाडीचा मागचा भाग आडवा येईल. टायर घालायचे तर चारही, आणि एकाच जातीचे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या मोटारींबद्दलही हाच गैरसमज आहे. ती ताकद बर्फातून निघायला उपयोगी पडते, थांबायला नाही.

दुसरी वाट म्हणजे एका जाहिरातीतले वापरलेले हिवाळी टायर, चारांचे मिळून शंभर युरो. आम्ही तिघे पाहायला गेलो. खाचा खोल, वर धूळही नाही. यजमानांनी चष्मा पुसला, खाली बसले आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले: १५१३. म्हणजे २०१३ सालातल्या पंधराव्या आठवड्यात तयार झालेले. दहा वर्षांहून जुने रबर, तळघरात पडून पडून वाळलेले. नख तिथेही रुतले नाही. विकणारा माणूस लबाड नव्हता. त्याला वाटत होते, खाचा आहेत म्हणजे टायर नवा. जुना टायर घेणाऱ्याने खाचांआधी ते चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

तिसरी सूचना यजमानांचीच होती, आणि ती त्यांनी मोठ्या विश्वासाने मांडली: रिमोल्ड. एस.टी.त झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून तो पुन्हा वापरण्याची रीत जुनी. त्यात त्यांचे आयुष्य गेले. गावाबाहेरच्या टायरवाल्याने, जो वयाने त्यांच्याएवढाच होता, जावयांच्या तोंडून हे ऐकले आणि हसून हात मिळवला. पण तसे टायर त्याच्याकडे नव्हते, आणि ते शोधत हिंडायला आमच्याकडे वेळ नव्हता. पहिले बर्फ पडल्याबरोबर सारा जिल्हा त्याच्या दारात उभा होता. आम्हाला नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. सप्टेंबरात आला असतात तर निवडही मिळाली असती आणि घाईही नसती, असे तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

खरी काटकसर त्याने दाखवली ती अशी. मोटारीला सतरा इंची चाकांवर रुंद टायर होते. त्या मापाचे हिवाळी टायर महाग. पण मोटारीच्या कागदपत्रांत पंधरा इंची, अरुंद मापालाही मान्यता होती: १९५/६५ आर १५, अगदी साधे, सर्वत्र मिळणारे माप. ते बरेच स्वस्त पडते आणि बर्फात काही वाईट नाही. जुन्या लोखंडी रिम त्याच्याच आवारात पडल्या होत्या. रिम वाकलेली नसेल तर जुनी चालते, रबर जुने चालत नाही. हिवाळी टायर त्यांच्या स्वतःच्या रिमवर कायमचे बसवून ठेवले की दर सहा महिन्यांनी रिमवरून टायर उतरवण्या-चढवण्याचा खर्च वाचतो. अख्खे चाकच बदलायचे. टायर घेतले ते सर्वांत महागड्या कंपनीचे नव्हेत, तसेच कोणी नाव न ऐकलेलेही नव्हेत; मधल्या दर्जाचे, आदल्या वर्षीच्या नमुन्याचे, प्रत्येकी सत्तर युरोंना. कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेली खूण होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हीच खूण ग्राह्य धरतात; ‘एम अँड एस’ एवढीच अक्षरे आता पुरत नाहीत. रिम, जोडणी, बॅलन्सिंग धरून साडेचारशे युरोंच्या आत सारे बसले. बाबागाडी त्याहून महाग होती.

बारमाही टायरांबद्दलही जावयांनी विचारले. त्यांवरही ती खूण असते आणि सपाट मुलखात, जिथे बर्फ चार दिवस पडून वितळते तिथे ते सोयीचे असतात. टायरवाल्याने खिडकीतून कोफेलकडे बोट दाखवले, एवढेच उत्तर दिले.

जाताना त्याने यजमानांना एक युक्ती शिकवली. दोन युरोचे नाणे खाचेत उभे धरायचे. नाण्याची बाहेरची रुपेरी कड सुमारे चार मिलिमीटर रुंद असते. ती कड खाचेत बुडून दिसेनाशी झाली तर टायर हिवाळ्याला ठीक. दिसू लागली तर नवे घ्यायची वेळ आली. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, बर्फाला पुरत नाहीत.

आता त्या रात्रीविषयी. जानेवारीच्या मध्यावर, पहाटे तीनच्या सुमारास कळा सुरू झाल्या. बाहेर उणे नऊ अंश आणि बर्फ पडत होते. सुईणीने आधीच समजावले होते: कळा नेमाने येत असतील आणि बाकी सारे ठीक असेल तर आपल्या गाडीने यावे, गर्भजल फुटले आणि बाळाचे डोके खाली स्थिर झालेले नसेल तर आडवे राहून ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसे काही झाले नव्हते. लेकीला पुढच्या आसनावर बसवले. तिचा जाड कोट काढायला लावला, कारण कोटावरून बांधलेला पट्टा सैल राहतो. पट्टा पोटाखालून घेतला आणि वरून रजई घातली. यजमानांनी आपली औषधांची पिशवी सामानाच्या कप्प्यात न ठेवता मांडीवर घेतली. मी गरम पाण्याची बाटली धरून बसले.

एत्तालचा मठ बर्फात नुसता सावलीसारखा दिसला. उताराला लागलो तेव्हा जावयांनी गियर खालचा घेतला. कोणी बोलत नव्हते. लेक कळ आली की दाराची मूठ धरायची आणि मी मोठ्याने श्वास मोजायची. तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून पिवळा दिवा फिरत आला. बर्फ लोटणारे अवजड यंत्र वर चढत होते आणि त्याचे पाते आमच्या अर्ध्या रस्त्यावर आले होते. जावयांनी ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेकची घरघर झाली, गाडी थोडी सरकली आणि थांबली; सरळ थांबली. पाते आमच्यापासून दोन हातांवरून गेले. यजमानांनी पुढच्या आसनाची पाठ इतकी घट्ट धरली होती की त्यांची बोटे मला सोडवावी लागली. मग ते मराठीत, स्वतःशीच म्हणाले, “धरलंन् हो.”

सकाळी नऊ वाजून गेल्यावर नात झाली. तीन किलो शंभर ग्रॅम.

परत आल्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एक जोडपे जानेवारीत मनालीला निघाले होते, मुलाच्या पुण्याच्या मोटारीने. यजमानांनी त्यांना पाऊण तास बसवून घेतले. आपल्याकडच्या मोटारींना उष्ण हवेचे टायर असतात आणि हिवाळी टायर सहज मिळत नाहीत. म्हणून बर्फाच्या पट्ट्यात स्थानिक चालकाची गाडी करावी, त्याच्याकडे चाकांना बांधायच्या साखळ्या आहेत का हे निघण्यापूर्वी विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर त्या दिवशी हॉटेलात पत्ते खेळावेत. बर्फात अडकून पडल्यास ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवायचे असेल, तर आधी मागची धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही ना, हे उतरून पाहावे. विषारी वायू गाडीत भरतो आणि त्याला वास नसतो. वयस्क माणसाला आधीच गुंगी येत असते, कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या जोडप्याने शेवटी आगगाडीने चंडीगडपर्यंत जाऊन पुढे गाडी ठरवली.

फेब्रुवारीत आम्ही ओबरआमरगाऊहून निघालो त्या सकाळी लेक नातीला घेऊन खिडकीत उभी होती. सामान गाडीत भरून झाले तरी यजमान दिसेनात. पाहते तर ते गुडघे टेकून, एका चाकापासून दुसऱ्या चाकाकडे सरकत, खाचांत नाणे उभे करीत होते. चारही झाल्यावर उठून त्यांनी पँटवरचे बर्फ झटकले. जावयांना डाव्या पुढच्या चाकात हवा थोडी कमी वाटते म्हणून सांगितले आणि नाणे खिशात टाकले. दोन युरोचे ते नाणे अजून त्यांच्या पाकिटात आहे, एस.टी.च्या सवलतीच्या कार्डाशेजारी.