बेळगावला बिऱ्हाड करावे काय?

गतवर्षीच्या पावसाळ्यापासून आमच्या घरात एक प्रश्न पाहुण्यासारखा येऊन बसला आहे, आणि तो काही केल्या उठावयास तयार नाही. आमचा मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या कारखान्यात नोकरीस आहे. पहाटे तो नंदगडहून निघतो व दिवेलागणीनंतर परततो. त्याचे म्हणणे एवढेच, की "बाबा, आता घराला कुलूप लावा आणि सर्वजण बेळगावला चला."

प्रारंभी आम्ही हा विषय हसण्यावारी नेला. तथापि ऑगस्टमधील एका रात्री तो हसण्यावारी नेण्याजोगा उरला नाही. पाऊस कोसळत होता, वीज गेली होती, आणि सौभाग्यवतीस श्वास घेणे जड जाऊ लागले. शेजाऱ्याची गाडी मिळाली हे भाग्य. नंदगड ते खानापूर आणि खानापूर ते बेळगाव मिळून अंतर अवघे तेवीस मैल. आजच्या हिशेबाने सदतीस किलोमीटर. त्या रात्री ते सरता सरेना. हातात जपमाळ होती, परंतु कितवा मणी चालला आहे याचे भान नव्हते. रुग्णालयात डॉक्टरांनी त्रास किती वाजता सुरू झाला असे विचारले. आम्ही वेळ सांगितली. ते पुढे काही बोलले नाहीत, लगबगीने आत गेले. देवकृपेने त्या बऱ्या झाल्या. परंतु तेव्हापासून मुलाच्या म्हणण्याला उत्तर देताना आमचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

बेळगावात राहण्यास कारणे थोडी नाहीत. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरची ती थंड हवा. कुंदा आणि मांडे तर पाहुण्यांच्या तोंडी आधी येतात. नातवाकरिता सेंट पॉल्ससारखी 1856 पासूनची शाळा आहे. आजारपणात औषधोपचार हाकेच्या अंतरावर. कँपात फातिमा मातेचे कॅथेड्रल असल्याने रविवारची मिस्सा चुकण्याचे भय नाही. घरापासून कारखाना जवळ असला तर मुलगा आपल्या लेकरांना जागी असताना पाहील, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. भाडे मात्र ऐकूनच घाम फुटतो, आणि तेवढ्या पैशांत अंगण नाही, आड नाही, परसात फणस नाही.

शहर म्हणजे तरी काय, असा विचार करू लागलो की आम्हांस आमचेच गाव आठवते. वाचकहो, आजचे नंदगड पाहून खरे वाटणार नाही, परंतु एके काळी हीच या भागातील मोठी पेठ होती. गोव्याहून मीठ, नारळ, खोबरेल व सुपारी घाट चढून येथे येई, आणि वरच्या मुलखातील गहू व इतर धान्य येथून गोव्याकडे उतरे. व्यापार करावयाचा तर नंदगडला जा, असे त्या वेळी कोणी बाप आपल्या मुलास सांगत असेल! पुढे 1888 साली मुरगाव बंदराची आगगाडी सह्याद्री चढून कॅसलरॉकपर्यंत आली, इकडे बेळगाव व लोंढा लोहमार्गाने जोडले गेले, आणि रूळ खानापुरावरून गेले. नंदगडला ते लाभले नाहीत. माल रुळांच्या मागे गेला, मालाच्या मागे माणसे.

बेळगावची थोरवीही आकाशातून पडलेली नव्हे. 1818 मध्ये तेथील किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, छावणी बसली, आणि छावणीला दूध, भाजी, कापड, शिवणकाम सर्वच लागे. आज गोव्याच्या कितीतरी घरांत शिजणारी भाजी बेळगावच्या बाजारातून जाते. आमच्या खानापूर तालुक्यातील रताळीही तेथल्याच मार्केट यार्डात विकली जाऊन दूरदूर रवाना होतात. म्हणजे घाट तोच, गिऱ्हाईक तेच. केवळ पेठ सरकली. आमच्या गावची पेठ गेली म्हणून बेळगावावर रुसणे, हे आता आम्हांस पोरकटपणाचे वाटते. पूर्वी आम्हीही थोडे रुसत होतो, हे कबूल केले पाहिजे.

नंदगडला येण्यास मात्र अजून कारण उरले आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर सेवक संगोळ्ळी रायण्णा यास 1831 मध्ये इंग्रजांनी येथेच फाशी दिले. त्याच्या समाधीवर विस्तारलेला वड पाहावयास आजही लांबून लोक येतात. ते येतात, माथा टेकतात आणि सायंकाळच्या गाडीने परततात. मुक्काम करीत नाहीत. व्यापारी गाव सोडून जातो, हुतात्म्याला जाता येत नाही, असे आमचे एक वृद्ध स्नेही म्हणत. आम्हांस ते वाक्य तितकेसे पटत नाही, कारण वडाच्या सावलीत औषधाचे दुकान नसते. परंतु ते विसरवतही नाही.

नाताळानंतर एका रविवारी जेवणे झाल्यावर घरात रीतसर बैठक बसली. मुलाने भाड्याचा, बसपासाचा आणि शाळेचा हिशेब कागदावर मांडून आणला होता. आम्ही शेताचे काय, असे विचारले. भातशेती अर्धेलीने लावता येईल, असे उत्तर मिळाले. सूनबाई गप्प होत्या. त्यांच्या मनात काय आहे हे सर्वांना ठाऊक होते. इतका वेळ पान लावीत बसलेल्या सौभाग्यवती तेव्हा प्रथमच बोलल्या. "पावसाचे चार महिने मी बेळगावला राहीन," त्या म्हणाल्या, "मला त्या रात्रीची भीती बसली आहे. पण अहो, आधी कौले परतून घ्या. दसऱ्याला परत यायचे आहे, घर गळके नको."

मुलाचा चेहरा थोडा उतरला. त्याला बाराही महिने हवे होते. तरी त्याने कागदावरची बेरीज खोडून नवी मांडली.

उद्यमबागेजवळ दोन खोल्या पाहिल्या आहेत आणि आगाऊ रक्कमही देऊन झाली. कौले परतणाऱ्या गड्यांना मेच्या पहिल्या आठवड्याचे सांगून ठेवले आहे. फुटक्या कौलांच्या जागी घालावयास खानापूरच्या भट्टीवरून दोनशे कौले आणावी लागतील.