खारें पाणी, गोडें पाणी

आमचें सारें आयुष्य इंदापूर तालुक्यांत, नीरेच्या डाव्या कालव्याच्या कांठीं गेलें. भूगोल शिकवितांना गोमंतकाचा नकाशा आम्हीं फळ्यावर कितीदां तरी काढिला असेल. परंतु तो चिमुकला सागरतीरींचा मुलूख डोळ्यांनीं पाहण्याचा योग गेल्या श्रावणांत आला.

पूर्वेस सह्याद्रि, पश्चिमेस समुद्र, मध्यें मांडवी व जुवारी. क्षेत्रफळ अवघें ३,७०२ चौरस किलोमीटर. समुद्रावरचे ढग सह्याद्रीस अडून तेथें वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पाडतात. घाट ओलांडून आमच्या बारामती-इंदापुराकडे येईतों ते रिते होतात. आमच्या वांट्यास जेमतेम ५०० मिलिमीटर येतो.

तेथें भरतीचें खारें पाणी नद्यांतून दूरवर आंत शिरतें. नदीकांठचीं कांहीं शेतें तर भरतीच्या पातळीहूनहि सखल. त्यांस खाजन म्हणतात. तरीहि तेथें भात पिकतो. गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध राखिले आहेत, आणि बांधांत ‘मानस’ नांवाचीं लांकडी दारें बसविलीं आहेत. भरती रेटूं लागली, कीं दार आपोआप मिटतें. ओहोटी लागली, कीं आंतलें पाणी तें लोटून बाहेर जातें. पावसानें जमिनींतलें मीठ धुतलें जातें, तें याच वाटेनें.

तें दार पाहतांना आमची सौ. सहज म्हणाली, “अहो, यांच्या उंबऱ्याशीं समुद्र, तरी शेतांत भात, आणि समुद्र आपल्यापासून इतका लांब, तरी आपला खालचा तुकडा खारट!”

आम्ही निरुत्तर झालों. १८८५ सालीं नीरा कालवा वाहूं लागला आणि दुष्काळी माळावर ऊंस उभा राहिला. तो उपकार कोण विसरेल? परंतु काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. जादा पाणी खालीं सांचतें, त्याची पातळी वर चढते, आणि उन्हानें वाफ होतांना तें जमिनीचे क्षार वर ठेवून जातें. नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींविषयीं हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनीं १९१० सालींच लिहून ठेविलें होतें. आम्हीं मात्र पाणी जितकें अधिक तितकें बरें, या समजुतीनें उंसांत तें रात्र रात्र सोडून ठेविलें. आज त्या तुकड्यावर पांढरा थर आहे. तेथें गवतहि धड उगवत नाहीं.

निचऱ्याचा चर खणण्याचा विषय चिरंजीवानें अनेकदां काढिला होता. तेवढी जमीन वायां जाईल, म्हणून आम्हीं तो प्रत्येक वेळीं उडवून लाविला. घरीं परततांच त्यास बोलावून म्हटलें, “चर कोठून काढावयाचा, तें आतां तूंच ठरीव.”

दिवाळीनंतर चर खणून झाला. पाणी शेतांत आणण्याची विद्या आम्हांस येत होती. त्यास बाहेर वाट देण्याची विद्या उतारवयांत, समुद्रकांठच्या शेतकऱ्याकडून शिकावी लागली. चरांत झिरपलेलें पहिलें पाणी आम्हीं जिभेस लावून पाहिलें. तें खारट होतें.