हैहय

आजी परशुरामाची गोष्ट सांगायची तेव्हा मी मनातून हरणाऱ्याच्या बाजूला असे. हजार हातांचा कार्तवीर्य सहस्रार्जुन आणि त्याचं कुळ हैहय. हा शब्द उच्चारताना ओठ मिटत नाहीत, जीभ दातांना लागत नाही; नुसता श्वास जातो. मला तो इतका आवडला की माझ्या राज्याला तेच नाव दिलं.

बाबा नागपूरहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले आणि कुरुदला आमचं घर झालं. राज्य तिथल्या गच्चीवर. रफ वहीच्या पाठकोऱ्या पानावर लाल शाईने वंशावळ काढली होती, सत्तावीस राजे, नावं मीच रचलेली. शेवटच्या चौकटीखाली बाण आणि शब्द: ‘पुढे चालू’.

एकदा कार्तिकात शेजारच्या कलारांच्या घरी सहस्रबाहूच्या तसबिरीला हार दिसला. मित्र म्हणाला, “एह तो हमर पुरखा आय.” मला आनंद व्हायला हवा होता, पण आपलं काहीतरी कुणी काढून घेतलं, असंच वाटलं.

कॉलेजात वा. वि. मिराशींनी संपादित केलेले कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख हाती आले. ग्रंथ 1955चा, भिलाईचा सोव्हिएत करार झाला त्याच वर्षीचा. रतनपूरचे कलचुरी आपल्या लेखांत स्वतःला कार्तवीर्याचे वंशज म्हणवतात. कलिंगराज तुम्माणला आला, रत्नराजाने रतनपूर वसवलं, जाजल्लदेवाचा लेख 1114चा. मी ज्यांना कल्पनेत बसवलं होतं, त्यांचं छत्तीसगड माझ्या गच्चीखाली होतं.

आणि 1741. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर आले. मुलाच्या मृत्यूने खचलेल्या म्हाताऱ्या कलचुरी राजाने, रघुनाथसिंहाने, फारशी झुंज दिली नाही, असं सांगतात. आमच्या घरी नागपूरकर भोसल्यांचं नाव अभिमानानेच निघे, माझ्याही तोंडी. हे वाचलं त्या दिवशी ते घशात अडकलं. पुढे रतनपूरला गेलो, बिंबाजी भोसल्यांनी रामटेकरीवर बांधलेल्या राममंदिरात हात जोडले. मन लागलं नाही. पायऱ्या उतरताना खालचा पडका किल्लाच दिसत राहिला.

2015मध्ये ‘बाहुबली’ पाहून आल्यावर मुलीने विचारलं, “माहिष्मती खरंच होती?” होती, म्हटलं, हैहयांची राजधानी. कपाटातून वही काढली. शाई आता विटकरी झालीय. तिने बोटाने सत्तावीस चौकटी मोजल्या, बाणापाशी थांबली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी रघुनाथसिंह लिहिलं. ‘पुढे चालू’ खोडायला हात झाला नाही.