ऑपेरा हाऊस वाचलं, आमच्या टॉकीजचं काय?

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस ऑक्टोबर २०१६ मध्ये मामि चित्रपट महोत्सवाच्या वेळी पुन्हा उघडलं, तेव्हा मोठ्या पेपरांनी पानं भरभरून फोटो छापले. आपल्या जिल्हा पानावर त्यातली एक ओळही आली नाही, येणारही नव्हती म्हणा. इतक्या वर्षांनी मी त्यावर लिहितोय, कारण आमच्या भागातल्या एका तालुक्याच्या गावची जुनी टॉकीज विकायची बोलणी चालू आहेत, आणि "जुनंच आहे की, पाडून टाका" हे वाक्य मी महिन्याभरात चौथ्यांदा ऐकलं.

आधी ऑपेरा हाऊसचं सांगतो. चर्नी रोड स्टेशनच्या जवळ ही वास्तू आहे. मॉरिस बँडमन नावाचा करमणुकीच्या धंद्यातला माणूस आणि जहांगीर फ्रामजी कराका या दोघांनी ती उभी केली. १९११ ला पंचम जॉर्ज बादशहा आला, त्याच्या हातून उद्घाटन झालं, काम मात्र त्यानंतरही चालूच होतं. (उद्घाटन आधी आणि काम मागून, ही पद्धत आपल्या पुढाऱ्यांनी काढली असं कोणी समजू नये.) ऑपेरासाठी बांधलेलं असलं तरी तिथं बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. पुढं पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली. नाटकाच्या जोडीनं सिनेमा आला आणि १९३० च्या दशकात तर ते सरळ सिनेमाचं थेटरच झालं. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं. मग व्हिडिओ आला, केबल आली, प्रेक्षक आटला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दारं बंद झाली.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून दीड वर्ष गिरगावात काढलं. एका खोलीत सहा जण. त्या बंद इमारतीसमोरून रोज दोनदा जायचो. सगळी मुंबई "ऑपेरा हाऊसला उतरा" म्हणायची, कंडक्टर तसं ओरडायचा, पण नेमकं ते हाऊस कुठलं, हे विचारलं तर बरोबरच्या पोरांना सांगता यायचं नाही. भिंतीत पिंपळ उगवलेला, रंग उडालेला. नाव चालू आणि वस्तू बंद.

दुरुस्तीचं काम गोंडलच्या राजघराण्यानं, म्हणजे महाराज ज्योतेंद्रसिंहजींनी काढलं आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी ते केलं. वर्षानुवर्षं चाललं. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घेतलं होतं. २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. जुने फोटो शोधून, मधल्या काळात सिनेमासाठी केलेले फेरफार काढून, सज्जे, रंगीत काचा, नक्षी परत बसवली. सिनेमाच्या काळात केलेली तोडफोड काढून नाटकाच्या काळातलं रूप आणायचं, म्हणजे एक आठवण वाचवायला दुसरी पुसायची. मला त्यात चूक दिसत नाही, पण हे घडलं हे लक्षात असावं.

उघडल्यावर वर्षभरानं मी एका कार्यक्रमाला गेलो. वरच्या बाजूचं तिकीट काढलं, खिशाला तेच जमलं. त्या छताबद्दल मी वाचलं होतं की घुमटाची घडणच अशी आहे, वर गॅलरीत बसलेल्या माणसालाही रंगमंचावरचा शब्द न् शब्द ऐकू यावा. खरं आहे. बाई गात होत्या, भाषा मला कळत नव्हती, पण आवाज असा यायचा की जणू शेजारी बसून गातायत. शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्यानं सगळ्यात स्वस्त तिकिटावर बसणाऱ्याच्या कानाचा विचार केला होता! मी तर त्यावरच खूष झालो. आता तिथं रोजचे चार खेळ होत नाहीत. मैफली, ऑपेरा, नाटक, महोत्सवातले सिनेमे असं चालतं. म्हणजे इमारत वाचली, पण दुपारी तीनच्या खेळाला कामावरून पळून येणारा माणूस काही परत आला नाही.

आता आपल्याकडं या.

पेडगावात थेटर नव्हतं. सिनेमा म्हणजे पॅसेंजर धरून परभणी, नाहीतर उरूस. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. माझ्या लहानपणी तिथं आकाशपाळणे, मौत का कुआं आणि त्यांच्या बाजूला सिनेमाचा तंबू असायचा. खाली बसायचं, थंडी वाजायची, पडदा वाऱ्यानं हलला की हिरोचं तोंड वाकडं व्हायचं. १९९१ ला 'माहेरची साडी' आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया घोळक्यानं परभणीला गेल्या. आई, मोठी माय, मावशी, सगळ्या. मला पदराला धरून नेलं होतं. सिनेमा मला फारसा आठवत नाही, पण अख्खं थेटर एकदम हुंदके देत होतं ते आठवतं. घरी ज्या बायांना रडायलाही जागा नव्हती, त्यांना अंधारात तीन तास मिळाले होते.

ज्या टॉकीजची विक्री चाललीय तिथले जुने ऑपरेटर चाचा मला आत घेऊन गेले. आत सोयाबीनची पोती आहेत. पडदा नाही, त्याची लाकडी चौकट तेवढी आहे. वर केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर तसेच उभे आहेत, धूळ खात. चाचांनी सगळं हातानं करून दाखवलं. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणायच्या, उजेड पेटवायचा, कांडी जळत गेली की पुढं सरकवत राहायची. मोठं रीळ वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो, त्या क्षणाला दुसरी मशीन चालू करायची. चुकलं की पिटातून शिट्ट्या आणि शिव्या. "तीस साल में लोगां मेरा मुँह नहीं देखे, पर गाली मेरेकोच देते थे," चाचा म्हणाले आणि हसले. मग सॅटेलाइटवरून सिनेमा यायला लागला. मालकानं काही दिवस तेही चालवलं, मग सोडलं.

मालकाला मी दोष देत नाही. परवाना कलेक्टर कचेरीतून, आगीचे नियम, वीजबिल आणि वर मोबाईल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटावर १८ टक्के कर होता. २०१९ ला तो १२ झाला, सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. चांगलं झालं, पण तोवर आमच्याकडच्या कित्येक टॉकीजमध्ये पोती येऊन पडली होती.

मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ पासून नियमावली आहे. इमारत यादीत असली की मालकालाही हात लावण्याआधी विचारावं लागतं. आमच्या टॉकीजला कोणत्या यादीत घालायचं? किल्ला नाही, मंदिर नाही, लेणी नाही. पत्र्याचं छत आणि दर्शनी भिंतीवर सिमेंटची नक्षी, एवढंच. तिला ना गोंडलचा राजा मिळणार, ना युनेस्को.

कोणी म्हणेल, वारसा जपायचा तर मोठाच जपा. बरं, मोठ्याचं काय होतं तेही बघा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ ला ते सुरू झालं, पुढं त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अख्खं कोल्हापूर रस्त्यावर रडत होतं, म्हणून पुन्हा बांधायची घोषणा तातडीनं झाली. लोकांचं प्रेम होतं म्हणून सरकार हललं. आमची टॉकीज जळणार नाही, ती सात-बारावरून गुपचूप उतरेल.

माझं म्हणणं फार मोठं नाही. आमच्याकडं दर निवडणुकीला नव्या नाट्यगृहाची घोषणा होते. पाया खोदला जातो, मग निधी थांबतो. त्यापेक्षा नगरपालिकेनं ही उभी असलेली टॉकीज भाड्यानं घ्यावी. भिंती जाड आहेत, उतार आहे, केबिन आहे. दीडशे खुर्च्या पुरेत. शनिवार-रविवार सिनेमा, बाकी दिवस शाळेचं गॅदरिंग, एकांकिका, कीर्तन, बचतगटांचे मेळावे. छताचं आणि वायरिंगचं काम मात्र नीट करा, कोल्हापूरनंतर ते सांगायला नको. आणि चाचांचे दोन प्रोजेक्टर दारातच ठेवा, भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगून ठेवलाय त्यांचा.

नगराध्यक्षांना मी हे तोंडी सांगितलं. "लेखी द्या" म्हणाले. सोमवारी देतोय. त्या अर्जासोबत मला टॉकीजचे जुने फोटो जोडायचे आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये, निवडणुकीच्या मिरवणुकीच्या फोटोत, मागं कुठं तरी ती दिसत असेल. जुनं तिकीट, पोस्टर, काहीही चालेल. कोणाकडं असेल तर रविवारपर्यंत मेसेज करा. मी मोटारसायकल घेऊन येतो, तिथंच मोबाईलवर फोटो काढून घेतो, वस्तू तुमच्याकडंच राहील.