चेंडूला हात न लावणारे

पेडणे-डिचोलीकडच्या माणसाला फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला कोणी जाऊ नये. १८८३ मध्ये शिवोलीत फादर लायन्स यांनी हा खेळ गोव्यात प्रथम आणला असे मानतात, आणि शिवोली म्हणजे आमच्या पेडण्याच्या नदीपलीकडचाच गाव. भात कापून झाले की मोकळ्या शेतात गोलखांब रोवणारी आम्ही माणसे. आमच्या या फुटबॉलात चेंडू सोडून नुसती माणसाची वाट अडवली तर पंच शिट्टी फुंकतो. अमेरिकेत मात्र फुटबॉल याच नावाचा दुसरा एक खेळ आहे, आणि त्यात वाट अडवणे हा पाच माणसांचा पोटापाण्याचा धंदा आहे.

हा खेळ आमच्या घरात शिरला तो डिचोलीच्या मावशीच्या नातवामुळे. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याचा मुलगा पंधरा वर्षांचा, अंगाने थोराड; म्हणून शाळेच्या संघात त्याला पुढच्या फळीत ‘गार्ड’ नेमले. दर रविवारी फोनवर मावशी विचारी, “बाब, गोल किती मारलेस?” बाब गप्प. गार्डाने गोल मारायचा नसतो, चेंडू झेलायचा नसतो. सामन्याच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे मांडायला आकडाच नसतो. शेवटी मावशीची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले. मी कबड्डी खेळतो, सबब मला सगळे खेळ कळतात, असे तिचे ठाम मत आहे.

मी ओटीवर काजूच्या बिया मांडल्या. एका संघात अकरा गडी. त्यांतले पाच पुढे ओळीने वाकून उभे: मध्ये ‘सेंटर’, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन ‘टॅकल’. सेंटर पायांमधून चेंडू मागच्या ‘क्वार्टरबॅक’ला देतो आणि त्या क्षणापासून पाचांचे एकच काम, समोरच्या धिप्पाडांना त्याच्यापर्यंत पोचू न देणे. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याची पाठ डावीकडे वळते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही, म्हणून डावा टॅकल फार मोलाचा.

घाट चढून इथे शिकायला आल्यापासून मी आपल्या कबड्डी संघात उजव्या कव्हरला आहे. माझ्या शेजारचा कोपरा सांभाळणारा गडी कन्नड विभागातला. त्याला माझे मराठी अर्धेमुर्धे कळते, मला त्याचे कन्नड तेवढेही नाही. पण साखळीत हाताला हात असतो. तो चढाईवाल्याच्या घोट्यावर झडप घालणार हे मला त्याच्या बोटांवरून कळते आणि मी मध्यरेषेकडची वाट बंद करतो. फरक एवढाच, की आम्ही धरतो आणि तिकडच्या फळीला धरायची बंदी आहे. तळव्यांनी रेटा, खांदा लावा, पण पकडलेत तर दहा यार्ड मागे! म्हणजे सारी भिस्त पायांवर आणि पहिल्या पावलाच्या दिशेवर.

अडवण्याच्या रीतीही दोन. एकीत प्रत्येकाला आपला माणूस नेमून दिलेला असतो. क्वचित गार्ड स्वतःची जागा सोडून आडवा धावत जातो आणि मागून चेंडू घेऊन येणाऱ्याला वाट करून देतो. १९६० च्या दशकात ग्रीन बे संघाचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी हीच चाल घोटून घेतली होती. दुसऱ्या रीतीत माणूस नेमलेला नसतो, जागा नेमलेली असते. पाचही जण एकाच बाजूला एकदम पाऊल टाकतात, दोघे मिळून एकाला रेटतात आणि तो ढळला की त्यांतला एक सुटून पुढच्यावर जातो. १९९८ मध्ये डेन्व्हरच्या टेरेल डेव्हिसने एका हंगामात २००८ यार्ड धाव घेतली ती अशाच फळीच्या मागून. आकडा अर्थात डेव्हिसच्या नावावर आहे.

३१ डिसेंबर १९६७ चा ग्रीन बे आणि डॅलस यांचा सामना अमेरिकेत अजून आठवतात. थंडी शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास, मैदान गोठलेले, शेवटची सोळा सेकंद उरलेली. गार्ड जेरी क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी समोरच्या जेथ्रो प्यूला मागे रेटले, त्या फटीतून क्वार्टरबॅक बार्ट स्टार शिरला आणि ग्रीन बेने सामना २१-१७ असा जिंकला. स्टारला कीर्तिमंडपात १९७७ मध्ये जागा मिळाली, क्रेमरला २०१८ मध्ये.

मावशीने बियांची ती रांग बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “आणि ह्या पाचांना मार किती बसतो रे?”

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. पण माईक वेब्स्टर मला ठाऊक होता. पिट्सबर्गचा सेंटर, चार वेळा विजेत्या संघात, सतरा हंगाम खेळलेला. शेवटची वर्षे त्याने विस्मरणात आणि हालात काढली आणि २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार आघातांनी होणारा विकार त्यात आढळला. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूत तो पहिल्यांदाच सापडला होता. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. क्वार्टरबॅक पडला की सारे मैदान श्वास रोखते. फळीतल्या माणसाचे डोके जवळजवळ प्रत्येक डावात समोरच्याच्या डोक्याला भिडते, ते कोणी मोजत नाही. बेशुद्ध पाडणारा एखादाच तडाखा नव्हे, तर असे हजारो लहान धक्केही साचत जातात, असे आता डॉक्टर सांगतात. मला विचाराल तर, ज्याच्या कामाचा हिशेब नाही त्याच्या दुखण्याचाही नसावा, हे मला फार लागले.

मी मावशीला सगळे सांगितले. त्या रविवारी तिने गोल विचारले नाहीत. मुलाच्या हातून फोन काढून बापाला द्यायला लावला आणि दार लोटून घेतले. आता ऑगस्टात सराव सुरू होण्याआधी काय ते ठरवायचे आहे. मावसभावाचे मन डळमळते आहे, वहिनी ठाम ‘नको’ म्हणते. मुलाला मी निराळा फोन केला. वेब्स्टरचे त्याला आधीच ठाऊक होते. तो एवढेच म्हणाला, “काका, मी गेलो तर माझ्या बाजूचा टॅकल एकटा दोघांना कसा अडवील?”