ताईला, मालवणाहून

मालवण, गुरुवार रात्र

प्रिय ताई,

पोचले. फोन केला तेव्हा कळलं की तू जेवून झोपलीस, म्हणून उठवू दिलं नाही. गुडघ्याचा पट्टा रात्री सोडतेस ना? डॉक्टरांनी सोडायला सांगितलंय. माझी नजर नाही म्हणून बांधून झोपू नकोस.

ठाण्याला तुतारी एक्स्प्रेस उशिरा आली. त्यात अजून पावसाळी वेळापत्रक, त्यामुळे गाडी दमादमाने चालली होती. रात्रभर पाठ टेकली नाही. कुडाळला उतरून एसटी धरली, अर्धं तिकीट. तू बरोबर असतीस तर पंचाहत्तरीपुढची म्हणून फुकटच आली असतीस. गणपती होऊन गेलेत, चाकरमानी परत गेलेत, गाडी निम्मी रिकामी होती. खिडकीतून नुसतं हिरवं, आणि मधूनच चिऱ्याचं एखादं घर. आईच्या माहेरचा फाटा गेला तेव्हा मी मान वळवून बघत राहिले. तिथे आता आपलं कोणी नाही.

स्टँडजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं जेवले. ताई, तिरफळं आई ठेचायची तशीच, आतली बी काढून. उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी. दोनदा भात घेतला. दीडशे रुपये झाले. हात धुताना डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिखटाचं नव्हतं.

आपण घर बघतोय ती सोसायटी गावापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. माडांच्या वाडीत तीन मजली दोन इमारती, २४ घरं. जाहिरातीत ‘ज्येष्ठांची वसाहत’ म्हणतात, कागदोपत्री मात्र आपल्यासारखीच सहकारी गृहनिर्माण संस्था. पाहुण्यांच्या खोलीचे दिवसाला ४०० घेतात. चादर स्वच्छ आहे, नळाला गरम पाणी नाही. समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. आता डोळे मिटतायत.

*

शुक्रवार, संध्याकाळ

ताई,

सकाळपासून दप्तर बघत बसले. सेक्रेटरीकाकांनी एका शब्दाने विचारलं नाही, सगळ्या वह्या पुढ्यात ठेवल्या. ७७ वर्षांचे आहेत, अक्षर अजून मोत्यासारखं. दहा वर्षं मी डोंबिवलीत हेच काम केलं, त्यामुळे कुठलं पान आधी उघडायचं ते ठाऊक होतं.

घरटी महिना ३,२०० रुपये. २४ घरांचे ७६,८०० व्हायला हवेत. त्यातून दोन वॉचमनना १२,०००प्रमाणे २४,०००, झाडलोट करणाऱ्या बाईंना ८,०००, आठवड्यातून दोनदा रक्तदाब आणि साखर बघायला येणाऱ्या नर्सबाईंना ६,०००, पंप आणि टाकी बघणाऱ्याला ५,०००. म्हणजे ४३,००० माणसांच्या पगारावर जातात. आपल्याकडे निम्मेही जात नाहीत. तरी मला वाटतं, इथे याहून जास्त जायला हवेत. इथली माणसं म्हातारी आहेत, त्यांना भिंतींच्या रंगापेक्षा माणसाचा हात लागतो.

इमारतीचंही भागत नाहीच. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, असं बायलॉजमध्ये किमान ठरवून दिलंय आणि हे तेवढाच किमान घेतात. खाऱ्या वाऱ्यात तो कुठे पुरणार? लिफ्टचं दार खालून गंजून जाळीसारखं झालंय. पंपाचा स्टार्टर दोन वर्षांत तिसरा.

पण खरी अडचण पैशाची नाही. दुपारी ती नीट कळली आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही. या सगळ्यांनी घरं घेतली तेव्हा ते साठीच्या आगेमागे होते. उत्साहाने समिती केली, बाग केली, भजन बसवलं. त्याला आता पंधरा वर्षं झाली आणि सगळे एकदमच म्हातारे झाले. आपल्याकडे मी सेक्रेटरीपद सोडलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या चाळिशीतल्या मुलाने वह्या घेतल्या. इथे कुणाच्या हातात द्यायच्या? आठ घरं बंद आहेत. आईवडील गेले, मुलं मुंबईत, पुण्यात, एक मस्कतला. मुलं पैसे भरतात, बहुतेक वेळेवर भरतात, पण सही करायला माणूस येत नाही. शंभरपर्यंत सभासद असले तर समिती ११ जणांची असते, इथे पाचांवर गाडा चालला होता.

त्यातले खजिनदार आषाढात गेले. पंधरा दिवसांत अध्यक्ष पडले, खुब्याचं हाड मोडलं, लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. चेकवर सेक्रेटरीची सही आणि जोडीला अध्यक्ष किंवा खजिनदार यांच्यापैकी एकाची. तुझ्या लक्षात आलंच असेल. खात्यात पैसे असून दीड महिना कुणाला पगार नाही. शेवटी चतुर्थीच्या तोंडावर बायकांनी घराघरातली रोकड गोळा करून पगार भागवले. झाडलोट करणाऱ्या बाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, “पगार काय, मिळतलो. पण गणपती थांबतत?” कोकणातल्या बाईला गणपतीसाठी उसने मागायला लागले, ताई. यात चूक कुणा एकाची नाही, म्हणूनच मला फार लागलं.

सह्या बदलायच्या कामासाठी दुपारी काकांबरोबर एका कचेरीत गेले होते. कुठली ते घरी आल्यावर सांगेन. खिडकीवरच्या माणसाने त्यांना एक तास दहा मिनिटं उभं ठेवलं. शेजारी रिकामी खुर्ची होती. मग म्हणाला, “अध्यक्षांना घेऊन या.” काका म्हणाले, ते पुण्याला आहेत, हाड मोडलंय. “मग बरे झाल्यावर या.” मान वरसुद्धा केली नाही. काका गप्प बसले आणि मीही बसले. बोलायला हवं होतं मी. अजून छाती धडधडतेय.

येताना धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला दिसला. आहे तसाच आहे.

*

शनिवार, सकाळ

ताई,

झोप नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी घंटा वाजली. नऊ नंबरच्या आजी न्हाणीघरात पडल्या. एकट्याच राहतात. बिछान्याशी घंटेचं बटण आहे, न्हाणीत नाही, म्हणून अंग ओढत बिछान्यापर्यंत आल्या होत्या.

मी जिन्यावरून बघत होते. वॉचमनच्या खोलीत एक फळी आहे, तिला २४ खिळे, प्रत्येक खिळ्यावर त्या त्या घराची दुसरी चावी, वेगळ्या रंगाच्या लोकरीचा गोंडा बांधलेली. नऊ नंबरचा गोंडा जांभळा. त्याने दिवासुद्धा लावला नाही, अंधारात हात घातला आणि बरोबर तीच चावी काढली. सतराचा खिळा मोकळा आहे. तिथल्या गृहस्थांना चावी परक्याच्या हातात द्यायला पटत नाही.

वॉचमन स्वतः ६१ वर्षांचा आहे. आधी मच्छीमारी करायचा, गुडघे गेले म्हणून होडी सोडली. त्याने आजींना उचलायची घाई केली नाही. खाली बसला, मान आपल्या हातावर घेतली आणि म्हणाला, “काकी, घाबरू नकात, मी हयच आसंय.” मग १०८ ला फोन केला. गाडी यायला वेळ लागला. तेवढा सगळा वेळ तो तसाच बसून होता, मांडीला मुंग्या आल्या असतील तरी हलला नाही. आजींचं मनगट सुजलंय, बाकी ठीक आहे असं आता कळलं. एक्स-रे काढायला ओरोसला नेतायत.

ज्या माणसाने हे केलं त्याला दीड महिना पगार नव्हता. मला ते राहून राहून आठवतंय.

उजाडल्यावर टेप घेऊन आपण बघतोय त्या घराची दारं मोजली. मुख्य दार ३६ इंच. न्हाणीचं २७, तुझा वॉकर २५. जेमतेम जाईल, पण बोटं खरचटतील. महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी नियम केले, त्यात दार ९०० मिलिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आसपास. ही इमारत त्याआधीची, तिला ते कुठून लागू? चौकट फोडून घ्यावी लागेल. गवंड्याला विचारून ठेवते.

नर्सबाईंनी सकाळी घावणे पाठवले, नारळाच्या रसाबरोबर. तीन खाल्ले. तुझी आठवण काढून एक.

*

रविवार रात्र

ताई,

सभा झाली. ३० सप्टेंबरच्या आत घ्यायलाच हवी होती. गणपूर्तीला १६ जण लागत होते, आले ११. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबले. कांदाभजी आणि चहा झाला. मग आहेत त्यांच्यावर सभा सुरू केली. दोघे चाकाच्या खुर्चीत होते. एक आजोबा प्रत्येक ठराव बायकोच्या कानात मोठ्याने सांगत होते, त्यांच्यासाठी बाकीचे थांबत होते.

मी पाहुणी, मत नाही. पण काकांनी बोलायला सांगितलं तेव्हा उठले. परवा जे त्या खिडकीशी बोलले नाही, ते इथे बोलले. म्हटलं, समिती तुमचीच राहू दे, पण रोजचं काम पगारी माणसाच्या हातात द्या. तुझी मैत्रीण राहते त्या अथश्री या ज्येष्ठांच्या वसाहतीचं उदाहरण दिलं. तिथे परांजपे बिल्डरांनी सेवांसाठी अथश्री फाउंडेशन वेगळं काढलं, त्यामुळे रहिवासी थकले तरी काम अडत नाही. केंद्र सरकारने २०१९मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी नमुना मार्गदर्शिका काढली, तिच्यातही बांधणारा, सेवा देणारा आणि घर घेणारा असा तिघांचा करार सुचवलाय. इथला बिल्डर चाव्या देऊन गेला, सेवा देणारा कधी आलाच नाही. ती जागा रिकामी आहे आणि ती कधीतरी भरावीच लागणार.

बराच वेळ बोलणं झालं. मुंबईहून एक मुलगा फोनवर होता. त्याचं म्हणणं, माझं घर बंद, मी लिफ्ट वापरत नाही, मी का वाढवून द्यायचे? काकांनी शांतपणे सांगितलं, “तुझी आई शेवटची दोन वर्षं याच लिफ्टने खाली येऊन बसायची. तेव्हाही काहींची घरं बंद होती, ते देत होते.” पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग तो हो म्हणाला.

घरटी महिना ५०० वाढले. त्या १२,०००मधून गावातलीच एक बी.कॉम. झालेली मुलगी अर्धवेळ व्यवस्थापक म्हणून घ्यायची, १०,००० पगारावर. वह्या, बिलं, औषधांची यादी, पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. खजिनदार म्हणून पोस्टातून निवृत्त झालेल्या ६८ वर्षांच्या बाई आल्या, सगळ्यांत तरुण त्याच. न्हाणीघरात घंटा बसवायचं ठरलं. आणि सतरा नंबरचे गृहस्थ सभा संपल्यावर खाली गेले, खिशातून चावी काढली आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला लावली. गोंडा अजून नाही. शेजारच्या वहिनी उद्या करून देणार आहेत.

घराबद्दल माझं मत विचारशील. मला हवंय. पण लगेच नको. मार्चपर्यंत थांबू. सहा महिने पाच तारखेला पगार होतात का ते मी वॉचमनलाच फोन करून विचारणार आहे, नंबर घेतलाय. झाले तर डोंबिवलीच्या घराचं बघू.

उद्या संध्याकाळच्या गाडीने निघते. मालवणी खाजा घेतलाय, आल्याचा. सुके बोंबील नाही आणत, तुला वासाने त्रास होतो. आणि एक काम आजच कर. देवघराच्या खणात, हळदीकुंकवाच्या डब्याखाली, आपल्या दाराची दुसरी चावी आहे. इतकी वर्षं मी ती कुणाला दिली नाही. ती समोरच्या वहिनींकडे दे.